बीजिंग पहिल्यांदा: यादी नंतर करा, आधी वार आणि दरवाजे ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून पाच जण बीजिंगला निघालात. तुम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी आणि साठी ओलांडलेले आई-बाबा. शनिवारी रात्री पोहोचणार, रविवार ते बुधवार हातात आहे. घरचे सगळे शाकाहारी, आईचे गुडघे दुखतात, आणि सहल कंपनीबरोबर जायचं नाही. चौदा ठिकाणांची यादी तयार आहे, ती चार दिवसांत कशी बसवायची?

बसणार नाही, आणि बसवूही नका. बीजिंगमध्ये वेळ खातात त्या दोन गोष्टी: आरक्षण आणि अंतर. नकाशावर चिकटून दिसणाऱ्या दोन ठिकाणांमध्ये दोन किलोमीटर चालणं, सुरक्षा तपासणीची एक रांग आणि एखादा बंद दरवाजा असतो. म्हणून दिवसाला एकच मोठं ठिकाण धरायचं, त्याच्या जवळचं एखादं हलकं ठिकाण जोडायचं आणि बाकीचं सोडायचं. आईच्या गुडघ्यांसाठी हे तर आवश्यकच आहे, पण तरुण जोडप्यालाही मी हेच सांगतो.

तारखा तुम्ही चांगल्या निवडल्यात. १ ते ७ ऑक्टोबर ही चीनची राष्ट्रीय सुट्टी, त्या आठवड्यात बीजिंगला जाऊच नये. ती संपली की गर्दी ओसरते, आकाश बऱ्याचदा निळं असतं आणि झाडं पिवळी पडायला लागलेली असतात. मात्र इमारतींमधली सरकारी उष्णता व्यवस्था १५ नोव्हेंबरपासून सुरू होते, त्यामुळे ऑक्टोबरअखेर रात्री खोल्या गार पडतात. आई-बाबांसाठी आतून घालायचे उबदार कपडे घ्या.

पैसे आणि फोन

भारतातून जाणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं. बीजिंगमध्ये भाजीवालासुद्धा फोनवर पैसे घेतो, वीचॅट किंवा अलीपेवर. बाहेरच्या देशांतले पर्यटक घरूनच ही ॲप उतरवून आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून येतात. भारतात मात्र वीचॅटवर २०२० पासून बंदी आहे, आणि अलीपे चालेलच असं धरून चालू नका. त्यामुळे इतर देशांतल्या लोकांनी दिलेले "आधी ॲप तयार ठेवा" हे सल्ले तुम्हाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कुणी दुबई, सिंगापूर किंवा अमेरिकेतून जात असेल तर त्यांनी ते जरूर करावं.

तुमची आखणी रोखीवर हवी. दुकानदारांनी रोख युआन नाकारू नयेत असा तिथला नियम आहे, अडचण येते ती सुट्या पैशांची. शंभराची नोट दिली तर लहान दुकानात सुटे मिळत नाहीत, म्हणून विमानतळावरच्या बँकेतून पैसे घेतानाच दहा आणि वीसच्या नोटा मागून घ्या. एक युआन म्हणजे साधारण बारा-तेरा रुपये धरा. हॉटेलचं बिल कार्डावर चुकतं करा. दोन वेगवेगळ्या बँकांची व्हिसा किंवा मास्टरकार्ड जवळ ठेवा आणि निघण्याआधी त्यांच्यावर परदेशी व्यवहार आणि एटीएम दोन्ही चालू करून घ्या. यूपीआयच्या भरवशावर राहू नका.

फोनचंही तसंच. गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब तिथे बंद आहेत, पण हा अडथळा चिनी नेटवर्कवर आणि हॉटेलच्या वायफायवर असतो. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलंत तर डेटा बाहेरून फिरून येतो आणि व्हॉट्सॲप चालतं. बँकेचा ओटीपीही त्याच सिमवर येतो, म्हणून निदान एका फोनवर रोमिंग घ्याच. गूगलचा नकाशा मात्र चालला तरी उपयोगाचा नाही. चीनमध्ये नकाशांची मापनपद्धत वेगळी असल्याने तुम्ही उभे असता एका चौकात आणि ठिपका दिसतो शेजारच्या गल्लीत. आयफोनवर ॲपलचा नकाशा नीट चालतो. अँड्रॉइडवर ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेलं, इंटरनेटशिवाय चालणारं नकाशाचं ॲप आधीच भरून ठेवा. हॉटेलचं नाव-पत्ता चिनी लिपीत लिहिलेलं कार्ड पाचही जणांच्या खिशात हवं. टॅक्सीवाल्याला इंग्रजी नाव सांगून काही कळत नाही.

मुक्काम कुठे

मेट्रोच्या पाच नंबरच्या मार्गावर, शक्यतो बेईशिनछ्याओ किंवा दोंगसी स्थानकाच्या आसपास. बेईशिनछ्याओला राजधानी विमानतळाची थेट गाडी येते (२५ युआन), पुढचं स्थानक योंगहगोंग, म्हणजे लामा मंदिर, आणि त्याच मार्गानं दक्षिणेला गेलं की टेंपल ऑफ हेवनचा पूर्व दरवाजा. भोवताली जुन्या गल्ल्या, म्हणजे हूथोंग, आहेतच. त्यासाठी वेगळा दिवस काढावा लागत नाही.

मेट्रोचं भाडं ३ युआनपासून सुरू होतं. प्रत्येक स्थानकावर पिशव्या यंत्रातून जातात. फळं कापायचा छोटा चाकू आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या पिशवीत असतो, तो हॉटेलवर ठेवा. जुन्या स्थानकांवर खाली उतरायला सरकता जिना नसतो, आणि मार्ग बदलताना बरंच चालावं लागतं, म्हणून आईबरोबर असताना दोनदा गाडी बदलण्यापेक्षा टॅक्सी बरी. साधी टॅक्सी चारच प्रवासी घेते. पाच जणांना दोन गाड्या लागतील, आणि दोन्हींत एकेक मोठं माणूस, एकेक पत्त्याचं कार्ड आणि सुटे पैसे हवेत. मीटर १३ युआनपासून सुरू होतं. विमानतळाच्या दाराशी "टॅक्सी, टॅक्सी" म्हणत जवळ येणाऱ्याबरोबर जाऊ नका, अधिकृत रांग बाहेर असते.

निषिद्ध नगरी: सगळी आखणी हिच्याभोवती

चिनी सम्राटांचा हा राजवाडा (फॉरबिडन सिटी) १४०६ ते १४२० मध्ये बांधला. आज तिथे संग्रहालय आहे आणि सोमवारी ते बंद असतं. तिकीट दारावर मिळत नाही, पासपोर्ट क्रमांकासह आधी आरक्षण लागतं. आरक्षण भेटीच्या सात दिवस आधी, बीजिंगच्या रात्री आठला उघडतं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, हा अडीच तासांचा फरक विसरून लोक रात्री आठला बसतात आणि सगळं संपलेलं दिसतं. मंगळवारी जायचं असेल तर आदल्या मंगळवारी, पाच वीसला, पाचही पासपोर्ट समोर ठेवून तयार राहा. मुलीचंही वेगळं आरक्षण लागतं. नाव पासपोर्टवर छापलंय तसंच, त्याच क्रमानं लिहा. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर तिकीट ६० युआन, त्यानंतर ४०. पूर्वेकडचं रत्नभांडार आणि घड्याळांचं दालन यांना प्रत्येकी १० युआन वेगळे, तेही त्याच वेळी घ्या. सकाळचं सत्र निवडा.

संग्रहालयाच्या संकेतस्थळावर परदेशी पासपोर्टसाठी सोय आहे. ते अडलं तर दोन मार्ग: हॉटेलला महिनाभर आधी लिहून विचारा की पासपोर्टचे तपशील दिले तर तुम्ही आरक्षण कराल का, किंवा तिकीट काढून देणाऱ्या प्रवास संस्थेला थोडे जास्त पैसे द्या. या एका ठिकाणासाठी जास्तीचे पैसे देणं मला पटतं. मंगळवार मी मुद्दाम सुचवतोय. तो नाही मिळाला तर बुधवारच्या आरक्षणासाठी आणखी एक संध्याकाळ हातात राहते.

आता दरवाजा. आत शिरायची वाट एकच, दक्षिणेचा वूमन दरवाजा. बहुतेक लोक तियानआनमन चौकाकडून येतात आणि तिथल्या तपासणीत तासभर अडकतात. चौकात जायचं असेल तर त्याचंही वेगळं, मोफत आरक्षण लागतं. आईला घेऊन तुम्ही पूर्वेकडून या: टॅक्सीनं दोंगह्वामन दरवाज्याजवळ उतरा आणि खंदकाच्या कडेनं, भिंत उजव्या हाताला ठेवून चालत वूमनपाशी पोहोचा. रस्ता सपाट आहे, आणि पाण्यात पडलेलं कोपऱ्यातल्या बुरुजाचं प्रतिबिंब तिथूनच दिसतं. दोंगह्वामनच्या दारावरचे सोनेरी गोल खिळे मुलीला मोजायला सांगा. इतर मोठ्या दरवाज्यांवर नऊ गुणिले नऊ, म्हणजे एक्क्याऐंशी असतात, इथे आठच ओळी आहेत, बहात्तर.

आत दक्षिण ते उत्तर सरळ अंतर एक किलोमीटरच्या आत आहे, पण बाजूची अंगणं धरली की सहज चार किलोमीटर होतं. गर्दी मधल्या सरळ रेषेत असते, मुख्य दालनाच्या उंबऱ्याशी लोक फोटोसाठी एकमेकांना रेटत असतात. त्या दालनात आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहायचं. तिथे रेटारेटी करण्यापेक्षा मागे सरकून छपराच्या कोपऱ्याकडे बघा. कडेवर ओळीनं बसलेल्या प्राण्यांच्या मूर्ती इमारतीचा दर्जा सांगतात आणि पूर्ण दहा फक्त इथे, थायहदियानवर आहेत. दहावा माकडासारखा, पंख असलेला. दुर्बीण असेल तर न्या.

तिसऱ्या मोठ्या दालनाच्या मागच्या बाजूला, पायऱ्यांच्या मधोमध, ढग आणि ड्रॅगन कोरलेली एक अखंड शिळा उतरत जाते. साडेसोळा मीटर लांब, तीन मीटर रुंद, दोनशे टनांहून जड. ही फांगशानच्या खाणीतून हिवाळ्यात आणली. वाटेवर ठिकठिकाणी विहिरी खणून पाणी ओतलं, ते गोठून बर्फाचा रस्ता झाला आणि त्यावरून शिळा ओढली. बहुतेक गट तिच्याकडे पाठ करून पुढे निघून जातात. तुम्ही तिथे पाच मिनिटं थांबा.

त्यानंतर सरळ न जाता उजवीकडे, रत्नभांडाराच्या बाजूला वळा. तिथे नऊ ड्रॅगनची रंगीत भिंत आहे. पूर्वेकडून तिसरा, पांढरा ड्रॅगन नीट पाहा: त्याच्या पोटाचा एक तुकडा मातीच्या विटेचा नसून लाकडाचा आहे, रंग उडाल्यामुळे वेगळा ओळखू येतो. आईला बसायला या भागात जागा मिळते आणि गर्दीही पातळ असते. बाहेर उत्तरेच्या शनवूमन दरवाज्यानं पडा, कारण समोरच जिंगशान टेकडी आहे, प्रवेश २ युआन. राजवाड्याचा खंदक खणताना निघालेल्या मातीचा हा ढीग, आणि वरून सगळी पिवळी छपरं एका नजरेत दिसतात. चढण पंधरा मिनिटांची आहे, पण सगळ्या पायऱ्याच. आईबरोबर एकानं खाली बागेत थांबावं, बाकीच्यांनी सूर्यास्ताआधी चढावं. त्या दिवसांत सव्वापाचच्या सुमारास मावळतं.

भिंत: सोमवार, आणि मुतियान्यू

चीनची भिंत सोमवारीही उघडी असते, म्हणून तो वार तिला द्या. बादालिंगला वेगवान रेल्वे जाते आणि ते सोयीचं आहे, पण गर्दी खूप. तुमच्यासाठी मी मुतियान्यू निवडेन: शहरापासून सुमारे ७० किलोमीटर, गाडीनं दीड ते दोन तास. हॉटेलकडून सहा आसनी गाडी दिवसभरासाठी ठरवा आणि थांबण्याचा वेळ, टोल, पार्किंग धरून एकच आकडा कागदावर लिहून घ्या. सकाळी साडेसातला निघा. बसस्थानकांवर "बस बंद आहे, माझ्या गाडीत चला" म्हणणारे भेटतात. दोंगझमन आणि दशंगमनला हा प्रकार जुना आहे, ऐकूच नका.

मुतियान्यूला एक चूक हमखास होते. वर जायला दोन वेगळे रोपवे आहेत. बंद डब्यांचा रोपवे १४ नंबरच्या बुरुजाशी सोडतो. उघड्या खुर्च्यांचा रोपवे ६ नंबरच्या बुरुजाशी सोडतो आणि खाली यायची घसरगाडीही तिथूनच सुटते. हे दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत, एकाचं परतीचं तिकीट दुसऱ्यावर चालत नाही. लोक १४ ला चढतात, चालत ६ ला येतात आणि मग कळतं की पुन्हा पैसे भरा नाहीतर परत चढा. तुम्ही गट फोडा: आई-बाबांना बंद डब्याचं जाण्यायेण्याचं तिकीट, तुम्हा तिघांना फक्त जाण्याचं. सगळे १४ वर पोहोचा, तिथे तासभर एकत्र घालवा. त्या भागात बुरुजाच्या आसपास आईला फार चढ-उतार न करता डोंगरावरून पळत गेलेली भिंत दोन्ही बाजूंना दिसते. मग तुम्ही तिघं ६ पर्यंत चाला, एक ते दीड तास लागतो, बराचसा उतार पण उंच-सखल पायऱ्या, आणि घसरगाडीनं उतरा. घसरगाडीला वय आणि उंचीच्या अटी आहेत आणि पाऊस पडला की ती बंद ठेवतात, त्यामुळे खिडकीवर आधी विचारा. २० नंबरच्या दिशेची चढण खूप तीव्र आहे, तिकडे जाऊ नका.

सोमवारी धुकं किंवा पाऊस असेल तर बुधवारशी अदलाबदल करा. भिंतीवर दिसलंच नाही तर जाण्यात अर्थ नाही.

उरलेले दोन दिवस

रविवारी टेंपल ऑफ हेवन. सोमवारी इथली आतली दालनं बंद असतात, म्हणून रविवार. बाग सकाळी सहाला उघडते, दालनं आठला. तुम्ही सातला पूर्व दरवाज्यातून शिरा: लांब ओसरीवर आजी-आजोबा पत्ते खेळत, गात, पायानं पिसांचं फूल उडवत बसलेले असतात, आणि बाबांना त्यांच्यात जाऊन बसायला कुणी अडवणार नाही. एकत्रित तिकीट ३४ युआन. गोल मंदिरात २८ खांब आहेत: मधले ४ ऋतूंचे, पुढचे १२ महिन्यांचे, बाहेरचे १२ दिवसाच्या प्रहरांचे. आत जाता येत नाही, दारातून मोजावे लागतात. दुपारी झोप काढा. प्रवासाचा थकवा त्या दिवशीच उतरवलेला बरा.

बुधवारी लामा मंदिर, २५ युआन. शेवटच्या दालनात चंदनाच्या एकाच खोडातून कोरलेला मैत्रेय उभा आहे, जमिनीवर १८ मीटर. तिथून दहा मिनिटांवर दितान बाग, तिथली गिंकोची झाडं ऑक्टोबरच्या शेवटी पिवळी धमक होतात. समर पॅलेस तुमच्या यादीत वर आहे. मी तो सोडायला सांगेन, कारण तळ्याभोवती आणि टेकडीवर मिळून चार तासांचं चालणं आहे आणि ते लामा मंदिराबरोबर होत नाही. आईची तब्येत ठीक असेल आणि राजवाडा मंगळवारीच झाला असेल, तर लामा मंदिराऐवजी तो करा, दोन्ही नाही.

खाणं

"शाकाहारी" हा शब्द एवढाच सांगून भागत नाही. भाजीत डुकराचा खिमा चवीपुरता घातला तरी ती तिथे भाजीच समजतात. मापो तोफूमध्ये तर बहुधा खिमा असतोच. चिनी लिपीत चार ओळी लिहून घ्या: मांस नाही, मासे-कोळंबी नाही, मांसाचं पाणी किंवा चरबी नाही, ऑयस्टर सॉस नाही. अंडी चालतात की नाही तेही लिहा. भरवशाचे पदार्थ म्हणजे बटाटा-वांगं-ढोबळी मिरचीची भाजी (दिसानश्येन), बटाट्याचा तिखट-आंबट कीस, आणि अंडी चालत असतील तर टोमॅटो-अंडं. भात शेवटी आणतात, "मीफान" म्हणून आधीच मागा. लामा मंदिराच्या परिसरात बौद्ध शाकाहारी जेवणघरं आहेत, तिथे निर्धास्त जेवता येतं, आणि कांदा-लसूणही बहुतेक नसतो.

घरून लाडू, चिवडा, मेतकूट न्या, पण ताजी फळं, भाज्या आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका, सीमाशुल्कावर काढून घेतात. पेढे-बर्फी यातच येतात. गरम पाणी स्थानकांवर, रेल्वेत, विमानतळावर फुकट मिळतं. प्रत्येकाची थर्मासची बाटली हवी. नळाचं पाणी पिऊ नका. स्वच्छतागृहात कागद नसतो, खिशात ठेवा.

वांगफूचिंग किंवा तियानआनमनजवळ छान इंग्रजी बोलणारी तरुण मंडळी चहाला किंवा चित्रप्रदर्शनाला बोलावतात. नम्रपणे नाही म्हणा, नंतर येणारं बिल हजारोंत असतं. सायकलरिक्षावाल्यानं तीन बोटं दाखवली तर तीस की तीनशे ते कागदावर लिहून घ्या.

शेवटची गोष्ट, कधी पाचवा दिवस मिळाला तर. बीजिंग पश्चिम स्थानकावरून वेगवान रेल्वेनं शिजियाझ्वांग तासा-सव्वातासावर आहे. तिथल्या हुतात्मा दफनभूमीत आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आहे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारले. मराठी माणसानं बीजिंगपर्यंत जाऊन तिथे न जाणं मला रुखरुख लावणारं वाटतं. रेल्वेचं तिकीटही पासपोर्टवरच निघतं, आणि परदेशी पासपोर्ट बऱ्याच स्वयंचलित फाटकांवर वाचला जात नाही. त्यामुळे कर्मचारी उभा असलेल्या बाजूच्या फाटकाची रांग धरा, आणि गाडीच्या तासभर आधी स्थानकात पोहोचा.